चोरखिशातलं गाणं : टीमच्या यादीत पहिल्यांदाच गाणी टाकणाऱ्यांसाठी

नव्या नोकरीचा दुसरा आठवडा. लॉगिन मिळालेलं असतं, पाच-सहा जणांची नावं पाठ झालेली असतात, आणि ग्रुपवर निरोप येतो : "शुक्रवारी गाण्यांचा तास. प्रत्येकाने दोन आवडती गाणी आणि एक गिल्टी प्लेझर गुरुवारपर्यंत पाठवा." खाली तीन स्मायली.

मला पहिल्यांदा असा निरोप आला तेव्हा मी सरळ खोटं बोलले. साडेनऊ मिनिटांचा एक जॅझचा तुकडा पाठवला. तो मी एकदाच, तोही अर्धवट ऐकला होता. शुक्रवारी टीममध्ये नेमका एक जॅझवेडा निघाला. त्याने फार प्रेमाने विचारलं, "यातलं तुला सगळ्यात काय आवडतं?" मी म्हटलं, "सॅक्सोफोन." तो जरा थांबून, हळू आवाजात म्हणाला, "ते ट्रम्पेट आहे." मोठ्याने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन टीम बदलल्या. तिन्हीकडे हा प्रकार या ना त्या रूपात होता आणि एका ठिकाणी तर तो चालवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. त्यात जे जे चुकलं ते लिहून ठेवते आहे, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील.

एक शब्द आधीच सांगते. 'गिल्टी प्लेझर'ला, म्हणजे मनापासून आवडतं पण कबूल करायला लाज वाटते अशा गाण्याला, आमच्याकडे 'चोरखिशातलं गाणं' म्हणायला लागले आणि मला ते मूळ शब्दापेक्षा जास्त पटतं. चोरखिशात कोणी टाकाऊ वस्तू ठेवत नाही.

आधी जवळ काय हवं

- तुम्ही ज्या ॲपवर गाणी ऐकता त्यातला ऐकण्याचा इतिहास
- प्रत्येक गाण्याची पूर्ण ओळख : नाव, गायक, वर्ष, मूळ की रिमिक्स की मैफलीतलं, किती मिनिटांचं
- गाण्याचे सगळे शब्द, लिहिलेल्या स्वरूपात (हे का, ते चौथ्या पायरीत)
- हेडफोन
- प्रत्येक गाण्यामागे सांगायला दोन वाक्यं. तीन नकोत.
- निवांत अर्धा तास, शक्यतो मुदतीच्या आदल्या रात्रीचा नव्हे

१. निरोप पाठवणाऱ्याला चार प्रश्न विचारा

खाजगीत विचारा. नवीन माणसाने विचारलेलं खपून जातं, सहा महिन्यांनी तेच विचारलं तर लोक बघत राहतात.

यादी कोण बघणार, आपलीच टीम की सगळी कंपनी? गाण्यापुढे नाव असणार की कोणाचं गाणं ते ओळखायचा खेळ आहे? गाणी सगळ्यांसमोर वाजणार की नुसती लिंक फिरणार? आणि यादी नंतर कुठे राहणार?

हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. एका ठिकाणी आमची यादी कोणीतरी उत्साहाने 'आमच्या टीमची ओळख' म्हणून नवीन लोकांना द्यायच्या फाइलमध्ये चिकटवली. पुढे वर्षभर जो कोणी नवीन येई त्याला माझं नाव कळायच्या आधी माझं गाणं कळलेलं असे. गाणं असं होतं, की मला बघितल्यावर लोकांचे खांदे आपोआप हलायचे.

२. आठवणीवर विसंबू नका, इतिहास उघडा

"माझी आवडती गाणी कोणती?" असं स्वतःला विचारलं की मन आपल्याला कसं दिसायला आवडेल तेवढंच सांगतं. ॲप मात्र खरं सांगतं. स्पॉटिफायवर 'रॅप्ड' आहे, ॲपल म्युझिकवर 'रिप्ले' आहे (दोन्ही म्हणजे तुम्ही वर्षभरात काय ऐकलंत त्याचा गोषवारा), यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंची सरळ यादीच असते. स्पॉटिफायचं 'रॅप्ड' या नावाने २०१६ पासून येतं आणि वर्ष संपायच्या आधीच येतं. त्यामुळे वर्षाचे शेवटचे काही आठवडे त्यात नसतात. त्या दिवसांत एखाद्या गाण्याचं वेड लागलं असेल तर ते हाताने शोधावं लागेल.

दोन गोष्टी वगळा. एक, झोपताना लावून ठेवलेला पावसाचा आवाज. तो दरवर्षी पहिल्या पाचात येतोच. दोन, घरातल्या लहान मुलांनी तुमच्या फोनवर चारशे वेळा वाजवलेलं बडबडगीत. (ते चारशेपैकी शंभर वेळा तुम्ही एकटे असताना वाजलं असेल तर वगळू नका. तुमचा शोध इथेच संपला.)

इतिहास चाळताना एक गोष्ट बहुतेकांना दिसते : घट्ट रुतलेली गाणी दहा ते पंचविशीच्या आसपासच्या वयातली असतात. मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बंप' म्हणतात. त्या काळातल्या आठवणी, आणि त्यांच्याबरोबर गाणी, इतर वयांपेक्षा जास्त ठळक राहतात. याचा सरळ परिणाम म्हणजे तुमची यादी तुमचं वय सांगून टाकते. लपवायचा खटाटोप करू नका. टीममध्ये पन्नाशीचा एक आणि बाविशीची एक असेल तर या तासाची निम्मी मजा तिथेच असते.

३. आवडती दोन : ज्याबद्दल बोलता येईल ते निवडा

या पायरीवर फार वेळ घालवू नका. 'सर्वोत्तम' गाणं शोधायला बसलात तर गुरुवार उलटून जाईल. कसोटी एकच : "हेच का?" असं विचारलं तर खरं उत्तर देता येतं का. "चाल छान आहे" हे उत्तर नव्हे. "परीक्षेच्या दिवशी बसमध्ये हेच लागलं होतं आणि पेपर बरा गेला, तेव्हापासून मी ते शकुनाचं मानते" हे उत्तर.

दोनांपैकी एक गाणं बऱ्याच जणांना माहीत असलेलं आणि एक कोणालाच माहीत नसलेलं घ्या. पहिल्याने लोक तुमच्याबरोबर गुणगुणतात, दुसऱ्याने त्यांना काही नवीन मिळतं. दोन्ही अनोळखी घेतली तर माणूस भाव खातोय असं वाटतं. दोन्ही सगळ्यांची घेतली तर तुम्ही काही सांगितलंच नाहीत.

आणि गाणं चार मिनिटांच्या आत बसणारं असू द्या. माझी साडेनऊ मिनिटं अजून कोणी विसरलेलं नाही.

४. चोरखिशातलं एक : इथे सावकाश

घोळ होतो तो इथेच, कारण तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

जे गाणं तुम्हाला खरोखर भिकार वाटतं आणि चेष्टेसाठी टाकावंसं वाटतं, ते यात बसत नाही. त्यात 'प्लेझर' नाही. जे सगळ्यांनाच आवडतं आणि ते आवडल्याबद्दल कोणाला काही वाटत नाही, तेही बसत नाही. त्यात 'गिल्टी' नाही. उरतं ते असं गाणं, जे तुम्हाला मनापासून आवडतं, पण तुमच्याबद्दल तुम्ही उभं केलेल्या चित्रात कुठे बसत नाही. गझलेवर तासभर बोलणाऱ्या माणसाचा ढिंगच्याक नाचाचा ठेका. कर्कश हेवी मेटल ऐकणाऱ्याचं रडकं विरहगीत. कडक शिस्तीच्या साहेबांचं कार्टूनचं शीर्षकगीत.

ते सापडवायची माझी एक पद्धत आहे. समजा, तुमचा फोन चुकून मीटिंगच्या खोलीतल्या स्पीकरला जोडला गेला आणि शेवटचं ऐकलेलं गाणं मोठ्याने सुरू झालं. कोणतं गाणं असेल तर तुम्ही खुर्ची पाडून फोनकडे धावाल? तेच.

आता हे सापडलेलं गाणं तसंच पाठवायचं नाही. चोरखिशालाही कप्पे असतात. वरच्या कप्प्यात जे आहे ते सांगायला काहीच लागत नाही. ते टाकलंत तर लोक म्हणतील, यात लपवण्यासारखं काय होतं? अगदी खालच्या कप्प्यात जे आहे ते फक्त तुमचं आहे. मोडलेल्या नात्यातलं, आजारपणातलं, रात्री तीन वाजताचं. ते नवीन सहकाऱ्यांना द्यायची काही गरज नाही. मधला कप्पा उघडा. सांगताना कान थोडे लाल झाले पाहिजेत, डोळे नाहीत.

या पायरीवरचे सापळे, मी आणि माझ्या समोर इतर ज्यात पडले ते :

*साळसूद कबुली.* "माझं गिल्टी प्लेझर म्हणजे, मला चारशे वर्षांपूर्वीचं चर्चमधलं संगीत फार आवडतं." ही कबुली नाही, ही जाहिरात आहे. सगळ्यांना कळतं. कोणी बोलत नाही, पण कळतं.

*दुसऱ्यावर ढकललेलं.* "माझ्या मुलीमुळे ऐकावं लागतं." एकदा चालतं. दुसऱ्यांदा कोणीतरी मुलीचं वय विचारतं.

*न वाचलेलं दुसरं कडवं.* हा सगळ्यात मोठा. ठेक्याची गाणी आपण मुखड्यावर आणि ठोक्यावर ऐकतो, पुढचे शब्द कानावरून जातात. मी वर्षानुवर्षं ज्यावर झाडलोट केली त्या गाण्याचं दुसरं कडवं पहिल्यांदा वाचलं ते यादी पाठवायच्या आदल्या दिवशी, आणि तिथेच गाणं बदललं. बायकांबद्दल, एखाद्या जातीबद्दल, कोणाच्या रंगाबद्दल किंवा शरीराबद्दल काय म्हटलंय ते पूर्ण वाचा. गाणं परभाषेतलं असेल तर अर्थ शोधून वाचा. टीममध्ये ती भाषा येणारं कोणीतरी असतंच. काही ॲपमध्ये अशा गाण्यांपुढे इंग्रजी 'ई' अक्षराची खूण असते, पण तिच्यावर विसंबू नका. शिव्या नसलेलं गाणंही पुरेसं ओंगळ असू शकतं.

*कोणाच्या तरी श्रद्धेचं.* भक्तिगीत, प्रार्थना, चळवळीचं गाणं 'गिल्टी' या रकान्यात टाकू नका. तुम्ही प्रेमाने टाकलं असेल. पण रकान्याचं नाव वाचून समोरच्याला वाटतं, याची लाज वाटण्यासारखं काय आहे? ते 'आवडती'मध्ये टाका, प्रश्नच उरत नाही.

*समोर बसलेल्याचं आवडतं.* तुम्ही जे चोरून ऐकता ते दुसऱ्या कोणीतरी 'आवडतं' म्हणून टाकलेलं असू शकतं. हे टाळता येत नाही, पण बोलणं सांभाळता येतं. "हे गाणं किती फालतू आहे मला माहितीये, पण..." अशी सुरुवात कधीही करू नका. "हे मी कोणाला सांगत नाही" एवढंच म्हणा. पहिल्या वाक्यात तुम्ही गाण्याची किंमत करता, दुसऱ्यात फक्त स्वतःची फजिती. एकदा माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं, आणि यादीत सहा ओळी वर तेच गाणं एका सहकाऱ्याचं पहिल्या क्रमांकाचं होतं.

५. पाठवताना : नुसती लिंक नको

लिंक पाठवली की काम झालं असं वाटतं. होत नाही. एका ॲपची लिंक दुसऱ्या ॲपवर चालत नाही, आणि टीममध्ये तीन प्रकारची ॲप वापरणारे लोक असतात. शिवाय एकाच नावाची गाणी ढिगाने असतात. म्हणून मजकूर लिहा : गाणं, गायक, वर्ष, कोणती आवृत्ती, आणि हवं तर कुठून वाजवायचं ("१ मिनिट १० सेकंदांपासून"). लिंक त्याच्या खाली, सोय म्हणून.

आवृत्तीचं मनावर घ्या. आमच्याकडे एकीने हळुवार मूळ गाणं पाठवलं होतं, वाजवणाऱ्याने शोधून पहिलं आलेलं डीजे रिमिक्स लावलं. ती बिचारी चार मिनिटं "हे नाही, हे नाही" म्हणत होती, आणि तिचा माइक बंद होता.

सगळ्यांनी मिळून एकच यादी करायची असेल तर स्पॉटिफायवर आणि यूट्यूब म्युझिकवर ती सोय आहे. ॲपल म्युझिकवर ती २०२४ मध्ये आली. पण स्पॉटिफायच्या अशा यादीत कोणतं गाणं कोणी घातलं ते दिसतं, आणि एकाने घातलेलं दुसरा काढूही शकतो. ओळखायचा खेळ असेल तर ही पद्धत बाद.

६. आपलं दार लावून घ्या

लिंक पाठवताना आपण कोणत्या खात्यातून पाठवतोय ते बघा. स्वतः तयार केलेल्या यादीची लिंक दिली, की उघडणाऱ्याला तुमच्या खात्याचं नाव दिसतं, आणि त्या नावावर टिचकी मारून तुमच्या इतर जाहीर याद्याही. 'रडायला' नावाची यादी जाहीर ठेवलेली असेल तर आधी ती खाजगी करा. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' हा मधला पर्याय सोयीचा आहे. ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच यादी दिसते.

स्पॉटिफायवर 'प्रायव्हेट सेशन' सुरू केलं की तुम्ही काय ऐकताय ते इतरांना दिसत नाही. ते कायमचं नसतं, आपोआप संपतं. एकदा लावलं म्हणून वर्षभर निर्धास्त राहू नका.

७. वाजवायच्या दिवशी : आधी गणित, मग आवाज

(तास तुम्ही चालवत नसाल तर ही पायरी वरवर वाचा. पण एक दिवस चालवायला लागेल.)

बारा माणसं, प्रत्येकी तीन गाणी, प्रत्येकी चार मिनिटं. १४४ मिनिटं झाली, तीही कोणी एक शब्द न बोलता. तास साठ मिनिटांचा. म्हणजे प्रत्येकाचं एकच गाणं, त्यातलं दीड मिनिट, हे आधीच जाहीर करा. बारा गाण्यांची अठरा मिनिटं होतात, उरलेला वेळ बोलायला. बोलणं हाच कार्यक्रम असतो.

ऑनलाइन असाल तर आवाजाची रंगीत तालीम करा, दुसऱ्या माणसाला घेऊन करा. मीटिंगची ॲप माणसाचं बोलणं ठेवायला आणि बाकी आवाज गाळायला बनवलेली असतात. माइकसमोर फोन धरून गाणं लावलंत तर समोरच्याला बुडबुडे ऐकू येतात. झूमवर स्क्रीन दाखवताना 'शेअर साउंड'ची खूण करा. टीम्सवरही कॉम्प्युटरचा आवाज पाठवायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. मीटवर गाणं ब्राउझरच्या टॅबमध्ये लावून तो टॅब आवाजासकट दाखवणं सोपं पडतं. आणि स्क्रीन दाखवण्याआधी नोटिफिकेशन बंद. गाणी ऐकताना कोणाच्या पगारवाढीचा मेल कोपऱ्यात उगवलेला मी बघितलाय.

ऑनलाइन टाळ्यांचा ठेका धरायला सांगू नका. प्रत्येकाचा आवाज थोड्या वेगळ्या उशिराने पोचतो, आणि ठेक्याची भेळ होते. टाळ्यांचा त्रास तसा जुना आहे. बीबीसीने १९४० साली युद्धकाळातल्या कारखान्यांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला, तो १९६७ पर्यंत चालला. त्यात एका गाण्याला बंदी होती, कारण त्यात टाळ्यांची जागा होती आणि कामगार तिथे हातातली हत्यारं यंत्रांवर आपटतील अशी भीती होती. आपल्याकडे निदान कीबोर्डच आहेत.

८. कोणाचं गाणं ते ओळखायचा खेळ : यात एक माणूस आम्ही गमावला

खेळ साधा आहे. नाव न देता गाणी वाजतात, लोक अंदाज लावतात, मग मालक हात वर करतो. चोराच्या मनात चांदणं असतं, त्यामुळे ज्याचं गाणं लागतं तो अचानक पाण्याची बाटली शोधायला लागतो किंवा वहीत काहीतरी लिहितो. बघायला फार गंमत येते.

मी पहिल्यांदा हा खेळ चालवला तेव्हा दोन चुका केल्या. पहिली तांत्रिक. सगळ्यांना एका सामायिक शीटमध्ये गाणी लिहायला सांगितली, नावाचा रकाना काढून टाकला, आणि समजले की गुप्त झालं. अशा शीटला बदलांचा इतिहास असतो. कोणत्या खात्यातून कुठला बदल झाला ते सगळं तिथे दिसतं. एकाने ते उघडलं आणि बाराच्या बारा बरोबर ओळखून बक्षीस घेतलं. तुम्ही फॉर्म वापरा, त्यात इमेल गोळा करायचा पर्याय बंद ठेवा, आणि उत्तरं एकट्या चालवणाऱ्याने बघा. फॉर्ममध्ये भरल्याची वेळ नोंदली जाते. "आत्ताच भरलं हं!" असं कोणी ग्रुपवर लिहिलं की तेही फुटतं. म्हणून यादी जाहीर करण्याआधी क्रम पिसून घ्या.

दुसरी चूक जास्त महाग पडली. सातवं गाणं लागलं, तसं बाळबोध होतं, आणि मी चालवणारी म्हणून खुसखुशीत काहीतरी बोलायच्या नादात म्हणाले, "हे ज्याने टाकलं त्याचा लॅपटॉप काढून घ्या रे." सगळे हसले. अंदाज झाले. मालकाने हात वर करायची वेळ आली, कोणीच केला नाही. मी पुढे गेले. बारावं गाणं संपलं तेव्हा अकरा जणांनी हात वर केलेले होते. कोण उरलं ते मोजायला वेळ लागला नाही. तो शांतपणे स्क्रीनकडे बघत होता आणि खोलीत सगळे एकदम दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. "अगं, त्यात काय," म्हणाला. पण मी तिथे होते तोवर त्याने पुन्हा कधी यादीत गाणं टाकलं नाही.

त्यानंतर मी दोन नियम ठेवले आणि तुम्हीही ठेवा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पहिला : गाण्यावर आधी हसायचा हक्क ज्याचं गाणं त्याचा. तो हसला की बाकीच्यांनी हसायचं, तो हसला नाही तर "कुठे सापडलं तुला हे?" असं विचारायचं. गाणं लागण्यापूर्वी, सगळ्यात आधी, हा नियम मोठ्याने वाचायचा. चालवणाऱ्यालाही तो लागू.

दुसरा : यादीत तीन-चार बेवारशी गाणी मिसळायची, जी कोणाचीच नाहीत आणि चालवणाऱ्याने स्वतः घातली आहेत. अशी आहेत हे सगळ्यांना सांगायचं, कोणती ते नाही. मग कोणाला हात वर करायचा नसेल तर तो करत नाही, आणि बेरीज-वजाबाकी करून त्याला कोणी पकडू शकत नाही. या एका युक्तीने लोक किती मोकळे होतात ते बघाच. खेळ संपल्यावर "ते तिसरं माझंच होतं" असं आपणहून सांगायला येणारे निम्मे असतात.

९. ज्यांना नको, त्यांना सोडा

काही लोक गाणी ऐकत नाहीत. काहींना संगीतातून आनंदच होत नाही, बाकी सगळ्यात होतो. याला 'म्युझिकल ॲन्हेडोनिया' असं नाव आहे आणि त्यावर संशोधन झालेलं आहे. काहींच्या घरी नुकतंच काही घडलेलं असतं. कोणाला ऐकू कमी येतं. त्यांच्यासाठी गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवा, न सांगता. "अरे एक तरी टाक" एकदा म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही. असा माणूस अंदाज लावायला उत्तम असतो. त्याला गुण मोजायला बसवा.

तुम्हीच तो माणूस असाल तर कारण देऊ नका. "या वेळी मी ऐकणाऱ्यांत" एवढं पुरतं.

१०. तास संपल्यावर

यादी जमली की कोणीतरी म्हणतं, रोज स्पीकरवर लावू या. सबुरीने घ्या. ॲपचं वैयक्तिक सदस्यत्व बहुधा फक्त स्वतःच्या ऐकण्यासाठी असतं, तसं अटींत लिहिलेलं असतं, आणि कामाच्या जागी सगळ्यांसाठी गाणी वाजवायला अनेक देशांत वेगळा परवाना लागतो. हा प्रश्न कंपनीत ज्यांच्या अखत्यारीत येतो त्यांच्याकडे सोपवा. दुसरं म्हणजे, वाचायचं-लिहायचं काम चालू असताना शब्द असलेली गाणी आड येतात, निदान बऱ्याच जणांना. हेडफोन आहेत ना.

यादी मात्र जपून ठेवा, गाण्यांपुढची दोन-दोन वाक्यंसुद्धा. कोणी नोकरी सोडून गेलं की निरोपाच्या दिवशी त्याचं चोरखिशातलं गाणं लावायचं असतं. फक्त त्याला आधी विचारून.

सोमवारी दुसऱ्या कोणाचं तरी गाणं डोक्यात अडकलेलं असणार, बहुतेक वेळा तुम्ही ज्याला नाकं मुरडली तेच. रीडिंग विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रयोग करून दाखवलं, की च्युइंगगम चघळलं तर असं अडकलेलं गाणं कमी वेळा आठवतं. माझ्या खणात एक पाकीट असतं, मागायला या.

पुढची फेरी येत्या महिन्यात आहे. माझं ठरलंय. २ मिनिटं ५० सेकंद, मूळ आवृत्ती, दुसरं कडवं दोनदा वाचलंय. ट्रम्पेट आहे की सॅक्सोफोन, तेही बघून ठेवलंय.